उत्तर खांद्याची सावली

३ एप्रिल

सावली एक मिनिट आधी आली.

वडिलांच्या कोष्टकात आजच्या तारखेला पाच वाजून सहा मिनिटे. अंगणातल्या पितळी पट्टीला डोंगराच्या सावलीची कड लागली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच. मी घंटेचा दोर धरून उभाच राहिलो. पूर्ण एक मिनिट सावली पट्टीवर, दोर हातात, आणि घंटा मुकी! सहाव्या मिनिटाला वाजवली. देवालयाच्या वहीतही पाच वाजून सहाच लिहिले.

डोळा नवा आहे. जानेवारीत मोतीबिंदू काढला. दोष त्याचाच असणार. पर्वताला पूर्वजांनी ‘अचल’ म्हटले ते काही उगाच नव्हे. संशय घ्यायचाच, तर माणसाने तो आपल्या इंद्रियांवर घ्यावा.

४ एप्रिल

पुन्हा एक मिनिट. पुन्हा कोष्टकाप्रमाणे लिहिले.

६ एप्रिल

दोन मिनिटे.

डोळ्यावर ढकलण्याची सोय आज संपली. डोळे मिटून, गुडघे टेकून, बोट पट्टीवर ठेवून बसलो होतो. उन्हाची ऊब जाते तो क्षण बोटाला कळतो. जपाच्या मण्यांनी माझी बोटे साठ वर्षे घासली आहेत. ती अजून मला फसवत नाहीत. बोट गार पडले आणि डोळे उघडले — पाच वाजून आठ. कोष्टकात दहा.

ही वही माझ्या एकट्याची. तिच्यात सगळे नीट मांडून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच माझी फसवणूक करता येणार नाही.

शिखर गावाच्या पश्चिमेस, सरळ रेषेत पाच किलोमीटरवर. मधला सुळका काळा, उभा; त्याच्यावर बर्फ ठरत नाही. त्याच्या डावीकडे करवतीसारखी धार. उजवीकडे खिंड, आणि खिंडीपलीकडे उत्तर खांदा — रुंद, गोल, बाराही महिने पांढरा. खांद्याखाली बर्फ संपते तिथे सुट्या दगडांचा उतार, त्याखाली सूचिपर्णी वृक्षांचे रान, आणि रानाच्या वरच्या कडेला वरची वस्ती. अकरा घरे, आणि गिर्यारोहकांसाठी माझ्या मुलीने चालवलेले विश्रामगृह.

हिवाळ्यात सूर्य धारेमागे उतरतो. मार्च संपता संपता तो खिंड ओलांडतो, आणि तिथून पुढचे चार-पाच महिने आमच्या अंगणात पडते ती सावली खांद्याची. सावलीमागोमाग, पाव तासाच्या आत, बर्फावरून वारा उतरतो. कानशिले कापणारा! म्हणून घंटा. ती ऐकून लाकूडतोडे रान सोडतात, मेंढ्या वळतात. आजोबांनी पट्टी बसवली. वडिलांनी चाळीस वर्षांच्या नोंदींवरून कोष्टक रचले. त्या चाळीस वर्षांत एकाही तारखेला अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक नाही.

सूर्य चुकत नाही. पट्टी हललेली नाही. आज दोरी लावून पाहिली. घड्याळ दर सोमवारी घड्याळजी स्वतः लावून जातो. मग उरले ते एकच —

खांदा उंच होत आहे.

वाक्य लिहिले आणि खिडकीकडे पाहिले. तो होता तसाच दिसला. रोज पाहणाऱ्या आईला लेकरू वाढताना दिसत नाही, तसाच.

देवालयाच्या वहीत मात्र दहाच लिहिले. हे आता चुकून लिहिले असे म्हणता येणार नाही.

७ एप्रिल

का लिहिले, त्याचे उत्तर आज स्वतःच्या पायांनी चालत आले. गावाच्या समितीचे अध्यक्ष. गावातली लाकूडगिरणी यांची, आणि घंटा काढून विजेचा भोंगा बसवावा हा यांचा तीन वर्षांचा ध्यास. त्यामुळे पाठीमागे सारा गाव यांना ‘भोंगे’ म्हणतो. चपला दाराबाहेर काढण्याइतकी नम्रता, आणि बोलणे मात्र तेल लावलेल्या करवतीसारखे.

“काय गुरुजी, डोळा कसा आहे? दिसतंय ना नीट?”

“देवकृपेने सुईत दोरा ओवतो.”

“ते बरंय हो. पण गिरणीतली पोरं म्हणतात, आजकाल वारा घंटेच्या आधीच येऊन बसतो. म्हटलं, गुरुजींना एकाच्या जागी दोन डोंगर तर दिसत नाहीत? कुठल्याची सावली धरायची, असं तर होत नाही ना?”

हसले. मीही हसलो. सावली लवकर येते असे सांगितले, तर ‘म्हाताऱ्याला भलतेच दिसू लागले’ म्हणून घंटा जाईल. तीन पिढ्यांची सेवा माझ्या हातून सुटेल! शास्त्रकारांनी असत्याला काही मोजक्या ठिकाणी क्षमा केली आहे: थट्टेत, सोयरिकीत, प्राणावर बेतले असता. अभिमानासाठी क्षमा कोणत्याच ग्रंथात माझ्या वाचनात नाही.

सायंप्रार्थनेच्या वेळी फळीवरचे पेले आपसांत वाजले. बारीक, दात वाजावेत तसे. कोणी स्पर्श केला नव्हता.

८ एप्रिल

मुलगी खाली आली होती, दोन खेचरे घेऊन. दर आठवड्याला येते. पीठ, रॉकेल, साबण नेते. आल्या आल्या माझे स्वयंपाकघर झाडायला लागली. तिची आई गेल्यापासून हा तिचा नेम आहे: आधी मला रागवायचे, मग जेवू घालायचे.

“अप्पा, हा डबा उघडा ठेवून मुंग्यांना आमंत्रण दिलंय का तुम्ही?”

मग जेवताना सहज म्हणाली, “आमच्या झऱ्याला गरम पाणी यायला लागलंय. पाहुणे खूश! म्हणतात, ताई, हे भाड्यात धरलंय की वेगळं? जावई तुमचे म्हणतात, आता पाटीवर लिहू — ‘चोवीस तास गरम पाणी’.”

“गरम म्हणजे किती?”

“हात घालता येतो. चहा नाही होणार.” हसली. “आणि काडेपेटी ओढल्यासारखा वास येतो. तुम्ही काय असे बघताय?”

काय बघतो ते सांगितले नाही. ती चढावरून वळेपर्यंत दारात उभा होतो. खेचरे वळणावर थांबली आणि पुढे जाईनात. तिने दोन शिव्या दिल्या, ओढले, मग गेली.

९ एप्रिल

तीन मिनिटे. देवालयाच्या वहीत कोष्टकाचीच वेळ.

घड्याळजी संध्याकाळी येऊन बसला. आम्ही शाळेत एका बाकावरचे. मला ‘पंडिता’ म्हणणारा जगात आता हा एकच उरला. खिशातून घड्याळ काढून पाहायचा, परत ठेवायचा.

“पंडिता, एक विचारू? घड्याळ माझं आहे. ते पुढे नाही, मागे नाही. पण हल्ली तुझ्या घंटेआधीच तुझं अंगण काळं पडलेलं असतं. मी माझ्या दुकानातून बघतो.”

“तुझ्या दुकानातून तुला देवालय तिरके दिसते.”

“मी जन्मभर तिरकंच बघत आलोय. भिंग लावून.”

एवढेच. फार सज्जन मनुष्य. ताकास तूर लागू दिली नाही मी, तरी रागावला नाही.

१० एप्रिल

भूमापन खात्याच्या बाई आल्या. बसक्या बांध्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बुटांवर चार गावांची धूळ. भूकंपाच्या धक्क्यांच्या नोंदी मुख्यालयात पोचल्या म्हणून पाठवले, म्हणाल्या. तिवईवर दुर्बीण लावून दिवसभर शिखराचे कोन घेतले. भोंग्यांनी खुर्ची, छत्री, चहा सगळे पुरवले. बाईंनी फक्त चहा घेतला.

११ एप्रिल

आज माझ्या दारात. हात जोडून, “गुरुजी, तुमच्याकडे सावलीच्या वह्या आहेत असं ऐकलं. तीन पिढ्यांच्या?”

मी काढून दिल्या. काय करणार!

त्या म्हणाल्या, “सुळक्याची उंची जुन्या नकाशात आहे. ती जागच्या जागी आहे. पण मला शंका खांद्याची आहे, आणि खांद्याची जुनी मोजणी कोणी केलेलीच नाही. बर्फाचा गोळा, कशाला मोजतील? मग आज मी मोजलं ते वाढलेलं की मुळातलं, कसं ठरवू? जगात एकच नोंद आहे. ही.”

आणि माझ्या वहीवर हात ठेवला. देवाच्या मूर्तीवर ठेवावा तसा.

मार्च पाहिला. एप्रिल पाहिला. आकड्यांखालून बोट फिरवत गेल्या. वडिलांचे कोष्टक शेजारी. मी पाहत होतो: माझ्या हस्ताक्षरातले सुबक आकडे, एकही खाडाखोड नाही. असत्य किती स्वच्छ लिहिता येते!

“मिनिटाचाही फरक नाही.” त्यांनी श्वास सोडला. “बरं झालं, गुरुजी. मी वरची वस्ती उठवायचा कागद तयार करून आणला होता. अकरा घरं उठवायची म्हणजे… नको वाटत होतं हो.”

कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तोंड उघडायची तीच वेळ होती. भोंगे दारात उभे होते. मी म्हणालो — “पाणी घेता का?”

१२ एप्रिल

बाई वर जाऊन मुलीला सांगून आल्या: घाबरू नका, तुमच्या वडिलांची वहीच ग्वाही देते. मुलीने चिठ्ठी पाठवली. ‘अप्पा, तुमच्या नोंदीमुळे आमचं घर वाचलं. पुढच्या आठवड्यात तेवीस पाहुणे आहेत. गोड काहीतरी घेऊन येते.’

चिठ्ठी पोथीत ठेवली. मग काढली. पोथीत तिची जागा नाही.

१३ एप्रिल

चार मिनिटे.

पुराणे सांगतात की पर्वतांना एके काळी पंख होते. वाटेल तेव्हा उडत, वाटेल तिथे बसत. खाली गावे असत, माणसे असत, त्यांना काय! मग देवांनी ते पंख छाटले. लहानपणी ही कथा ऐकताना मला पर्वतांची दया येत असे. आज दुपारी खांद्याकडे टक लावून पाहत होतो आणि मनात आले — छाटलेल्या पंखांच्या खुंटांना खाज सुटत असेल का?

जपात मन लागले नाही. पाच वेळा मोजणी चुकली.

१४ एप्रिल

पाच मिनिटे. खांद्याच्या बर्फावर एक निळसर रेघ दिसते. आडवी. काल नव्हती. पापणी मिटलेली असावी तशी.

पाखरे रानातून खाली गावात आली आहेत. देवालयाच्या पन्हळीवर शेकडो; ओरडत नाहीत. नुसती बसून आहेत, सगळ्यांची तोंडे पूर्वेला.

१५ एप्रिल

काल सावली पाच वाजून सोळाला आली. आज, दिवस पुढे सरला असूनही, पाच वाजून सोळालाच. कोष्टकाच्या सहा मिनिटे आधी. कोष्टकाची वेळ होईपर्यंत दोर धरून उभा होतो. सहाव्या मिनिटाला वर रानात कोणीतरी किंचाळले. वाऱ्याने झाड पाडले होते. लाकूडतोड्याचा पाय सापडला. घंटा सावलीबरोबर झाली असती, तर तो तोवर उतरणीला लागला असता.

वाजवून सरळ बाई उतरल्या होत्या त्या खोलीत गेलो. सामान बांधत होत्या. उद्या सकाळी निघणार.

“देवालयाची वही खोटी आहे,” मी म्हणालो. “तीन तारखेपासून.”

त्यांना प्रथम समजलेच नाही. हसल्या. मग हसू उतरले.

“खरी वेळ कुठे आहे?”

मी ही रोजनिशी पुढे केली. बाईंनी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली. मजकूर झाकून फक्त आकड्यांच्या ओळी उतरवल्या. माझे बाकीचे काही वाचले नाही. हे सौजन्य मी विसरणार नाही. मग तासभर त्या गणित करत होत्या आणि मी भिंतीशी उभा; त्यांनी बसा म्हटले नाही.

शेवटी म्हणाल्या, “सत्तर मीटर. बारा दिवसांत.” पेन्सिल खाली ठेवली. “आत काहीतरी सरकतंय. दगड, पाणी, की वितळलेलं काही, ते मला इथून सांगता येत नाही. पण डोंगर असा फुगत नाही, गुरुजी. डोंगर असा फुगू नये.”

“मला शिक्षा करा.”

“त्याला वेळ कुठंय?”

१६ एप्रिल

वस्ती उतरवली. अकरा घरे, सव्वीस माणसे, जावई शेवटी. भोंगे देवालयाच्या पायरीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, “बघा! आणि हा माणूस आम्हाला सत्यावर प्रवचनं देत होता!” एक अक्षर खोटे नव्हते.

मुलगी माझ्यासमोर आली. ओझे न उतरवताच.

“तुम्ही खोटं लिहिलंत? तुम्ही? मी तिसरीत असताना पाटी फुटली ते लपवलं, तर अर्ध्या रस्त्यातून हाताला धरून शाळेत परत नेलंत मला. सगळ्या वर्गापुढे कबूल करायला लावलंत. आठवतं?”

“आठवते.”

“मग आत्ताचं तरी खरं कशावरून, अप्पा?”



बाई आदेश देऊन गेल्या. आठ-दहा दिवसांत जास्त यंत्रे घेऊन परततील. तोवर वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या फाटकावर पहारा. तीन दिवस लागोपाठ सावली कोष्टकाप्रमाणे आली तर फाटक उघडावे, एरवी नाही. रोजची नोंद मी करायची — पट्टी मला वाचता येते, दुसऱ्या कोणाला नाही — पण शेजारी घड्याळजीची सही हवी. हे त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले. योग्यच केले.

“सही काय, अंगठाही देतो,” घड्याळजी म्हणाला. कोणी हसले नाही.

१७ एप्रिल

ढग. शिखर दिसत नाही.

१९ एप्रिल

ढग. सुळका, खिंड, खांदा, सगळे एका पांढऱ्या चादरीखाली. मढ्यावर घालतात तशी. नोंद नाही.

मुलगी माझ्याच घरी आहे. भांडी आपटते. जावई फाटकापर्यंत जाऊन येतात. वर कोंबड्या राहिल्या, एक गाभण शेळी राहिली. तेवीस पाहुण्यांना नाही म्हणून कळवावे लागले. माझ्याशी बोलते ते असे: “जेवायला वाढलंय.” “पाणी तापलंय.” जेवणात मीठ बरोबर असते. रागातही तिचा हात चुकत नाही.

२१ एप्रिल

ढगातून आवाज आला. गडगडाट नव्हे. जड लाकडी पेटी कोणी फरशीवरून ओढत नेते, तसा. थांबत, पुन्हा ओढत. दुपारी तीनपासून पाचपर्यंत. मग काही नाही. पन्हळीवरची पाखरे आता नाहीत. कधी गेली, कोणी पाहिले नाही.

२२ एप्रिल

ढग उठले. खांदा जिथे होता तिथे. पूर्वी होता तसा! निळी रेघ नाही. बर्फ गुळगुळीत, जणू हाताने सारवले आहे.

कोष्टकात पाच वाजून एकतीस. सावली पाच वाजून एकतीसला आली. मी बोट ठेवले होते, घड्याळजी घड्याळासमोर. त्याने मोठ्याने सांगितले, “एकतीस, पंडिता. अगदी काट्यावर.” आम्ही दोघांनी सह्या केल्या. खरे लिहिले. अंगणाच्या दाराशी लोक जमले होते, एकच आरडाओरडा! मुलीने माझ्याकडे पाहिले. सहा दिवसांत पहिल्यांदा.

मग सगळे घरी गेले आणि मी वाऱ्याची वाट पाहत बसलो. पाव तास. अर्धा. पानही हलले नाही. सावली पट्टी ओलांडून, अंगण ओलांडून, भिंतीवर चढली — आणि हवा ऊबदार. आजोबांच्या वहीपासून माझ्या वहीपर्यंत, वारा आला नाही अशी एकही नोंद नाही.

२३ एप्रिल

पाच वाजून तेहतीस. कोष्टकात तेहतीस. वारा नाही.

वडिलांच्या वह्या काढून बसलो. चाळीस वर्षांत पाव मिनिट इकडे, अर्धे मिनिट तिकडे — खरा डोंगर तेवढा हलतोच. हवा दाट होते, पातळ होते, बर्फ चढते, उतरते. कोष्टकावर सेकंदभरही न चुकता सावली पडली, असे सलग दोन दिवस कोणत्याच वर्षी नाहीत. असे दिवस एकाच ठिकाणी सापडतात: मी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जे लिहिले, त्यात.

म्हणजे वर जे आहे, ते डोंगरासारखे वागत नाही. कोणीतरी कोष्टक वाचावे आणि त्याबरहुकूम सावली टाकावी, तसे वागते आहे. मी जे खोटे लिहिले, ते आता मला खरे करून दाखवले जात आहे.

हे घड्याळजीला सांगितले. वाटले होते थट्टा करील. त्याने भिंग डोळ्याला लावले, काढले, पुसले. “घड्याळात एक खोड असते,” म्हणाला. “मोडायला आलेलं घड्याळ आदल्या दिवशी फार सुरेख चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे, बरं झालं की! मी कधी परत देत नाही तसलं घड्याळ.”

मुलीला सांगायला गेलो. ती खेचरांचे पट्टे आवळत होती, गाणे गुणगुणत. “वारा नाही म्हणून तक्रार, अप्पा? आता वाऱ्याचीही वही काढा!” मग जवळ आली, माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. “झालं गेलं. चुकतो माणूस. उद्या तिसरा दिवस. परवा पहाटे मी वर. तुम्हीही चला चार दिवस, गरम पाण्याने गुडघे शेकून देते.”

भोंग्यांना सांगितले. ते म्हणाले, “बाईंचा लेखी आदेश आहे, गुरुजी. त्यात सावली लिहिलीय. वारा लिहिलेला नाही.”

बाईंना तार केली. उत्तर आले: रस्ता खचला आहे, सत्तावीसपूर्वी पोचणे अशक्य, नोंद अचूक ठेवावी.

२४ एप्रिल

कोष्टकात पाच वाजून चौतीस. सावली पाच वाजून चौतीसला आली. वारा नाही.

देवालयाच्या वहीत पाच वाजून तीस लिहिले.

घड्याळजी माझ्या खांद्यावरून वाचत होता. मग स्टुलावर चढला, भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडली, मोठा काटा चार मिनिटे मागे घेतला, काच लावली, खाली उतरून सही केली.

फाटक बंद आहे. खाली अंगणात मुलगी खेचरांची ओझी सोडते आहे आणि मला शिव्या देते आहे. खूप मोठ्याने, एकही न गाळता. खिडकी उघडी ठेवून ऐकत बसलो आहे.